अनुमानित व्यवसाय

आईचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. कामाच्या वेळात ती कधी फोन करत नाही. 'हॅलो' म्हणायच्या आत तिने विचारलं, "मी सुईन कव्हय व्हती?"

मला काही कळेना. "काय झालं? कोण म्हणालं?"

"तुनी वेबसाइट म्हनी र्‍हायनी. वाच."

आणि फोन ठेवून दिला.

आदल्या दिवशी मीच तिला लिंक पाठवली होती. खानदेशातल्या बोलीचा आणि रोजच्या जगण्याचा एक मोठा ज्ञानसंग्रह इंटरनेटवर उभा करण्याच्या कामात मी दोन-अडीच वर्षांपासून होते. आईने त्यासाठी खूप शब्द दिले होते, आणि तिचं पान तयार झालं म्हणून मी मोठ्या हौसेने ते तिला दाखवायला गेले. तिने ते तितक्याच हौसेने निवृत्त सिस्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. तिथे कोणीतरी पान शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, ताई, तुम्ही सुईण कधी होतात? खाली दोघी-तिघींनी हसण्याची चित्रं टाकली होती.

मी पान उघडलं. वर मी लिहिलेलं होतं: माहितीदार, स्त्री, गाव भडगाव तालुक्यातलं, विषय आजारपण आणि बाळंतपण. व्यवसाय: निवृत्त परिचारिका. त्याखाली फिकट करड्या अक्षरांत एक ओळ होती. 'अनुमानित परंपरागत व्यवसाय: सुईण.'

ती ओळ मी लिहिलेली नव्हती. ती कोणा माणसाने लिहिलेलीच नव्हती, असं मला नंतर पुष्कळदा ऐकवण्यात आलं.

हे काम कसं चालायचं ते सांगायला हवं. ब्राउझरमध्ये लॉगिन करायचं, एक शब्द घ्यायचा आणि त्याला दुसऱ्या शब्दांशी जोडायचं. कोण कशाचा प्रकार, काय कशाचा भाग, कशाला काय लागतं. नुसता शब्दकोश नव्हता तो. कळण्याची भाकरी हा भाकरीचा प्रकार, एवढंच मी लिहायचं. भाकरीला तवा लागतो हे दुसऱ्या कोणी आधी लिहिलेलं असायचं. मग कळण्याच्या भाकरीला तवा लागतो हे कॉम्प्युटर आपलं आपण काढायचा आणि करड्या अक्षरांत दाखवायचा. माणसांनी लिहिलेलं काळं, यंत्राने काढलेलं करडं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार गंमत वाटली होती. आम्ही आठ-दहा जण ठिकठिकाणी बसून एकाच पानावर काम करायचो. शेवभाजीला भाज्यांत ठेवायचं की नाही यावर आमचा आठवडाभर वाद झाला, कारण तिच्यात भाजी कुठेच नाही, नुसती शेव आणि झणझणीत रस्सा. पानाच्या बाजूला चर्चेची जागा होती, तिथे लोक पोटतिडकीने भांडायचे. मला ते भांडण आवडायचं. आपल्या घरातल्या गोष्टींवर कोणीतरी इतक्या गंभीरपणे डोकं लावतंय, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

या कामाचे मुख्य समन्वयक पुण्याचे एक प्राध्यापक. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. हुशार माणूस, बोलायला गोड. यंत्राने अनुमान कसं काढायचं याचे नियम लिहायचा अधिकार फक्त त्यांना. आमच्याकडे शब्द होते, त्यांच्याकडे नियम. तेव्हा ही वाटणी मला खटकली नाही.

आता आईबद्दल. माझी आजी गावात बाळंतपणं करायची. आमच्या घरात ही गोष्ट कौतुकाने सांगितली जात नाही. तिला बोलावणं आलं की मागच्या दाराने जायचं, बाळ सोडवायचं, नाळ कापायची, घाण झालेले कपडे उचलून न्यायचे, आणि अंघोळ होईपर्यंत कोणाला शिवायचं नाही. अंघोळ झाल्यावरही शिवायचं नव्हतंच म्हणा. धान्य वरून पदरात पडायचं. ज्या बाळाला तिने पहिल्यांदा हातात घेतलं, त्याच बाळाने मोठं झाल्यावर तिला अंगणाबाहेर उभं केलं. आई लहानपणी तिच्यासोबत जायची आणि बाहेर बसायची. तिथे बसल्या बसल्या तिने ठरवलं की बाळंतपणं आपणही करायची, पण पुढच्या दाराने जाऊन.

धुळ्याला नर्सिंगचं ट्रेनिंग घेतलं तिने. सरकारी नोकरी लागली, उपकेंद्रं मिळाली, कधी या तालुक्यात तर कधी त्या. कडक इस्त्रीची पांढरी साडी, खांद्याला पर्स, मनगटावर घड्याळ. सुरुवातीच्या एका गावात एक म्हातारी तिला 'सुईणबाई' म्हणून हाक मारायची. आई दर वेळी थांबायची आणि सांगायची, "आक्का, मी सिस्टर शे." म्हातारी परत सुईणबाईच म्हणायची. आई परत थांबायची. मी शाळेत होते, तिचा हात धरून उभी असायची, आणि मला वाटायचं, जाऊ दे ना, किती वेळा सांगणार. शेवटी ती म्हातारी सिस्टर म्हणाली की थकून गप्प बसली ते मला आठवत नाही. आई थकली नाही एवढं नक्की आठवतं.

निवृत्तीनंतर ती भडगावलाच राहिली. मी शब्दांबद्दल विचारलं तेव्हा तिला खूप आनंद झाला होता. बाहेरून आलेल्या डॉक्टरांना बाया काय सांगतात ते कळायचं नाही, 'घेरी येस' म्हणजे काय, 'आंग मोडस' म्हणजे नेमकं काय, आणि लाजेने अर्धवट सांगितलेल्या दुखण्याचा अर्थ काय लावायचा. ती मधे उभी राहून समजावून द्यायची. तेच सगळं तिने मला सांगितलं, आठवून आठवून, रविवारच्या रविवार. एकेका शब्दासोबत एकेका बाईची गोष्ट यायची. मी टाइप करायची, ती बाजूला बसून माझं शुद्धलेखन तपासायची.

आणि आता त्या पानावर सुईण.

मी ती ओळ खोडायला गेले. खोडता येईना. करड्या ओळीसमोर खोडायचं बटणच नव्हतं. मी 'व्यवसाय' पुन्हा भरला, पान सेव्ह केलं, पुन्हा उघडलं. ओळ जागेवर. बाळंतपणाच्या शब्दांवरून तिचं नाव काढून पाहिलं, ओळ गेली. नाव परत जोडलं, ओळ परत आली. म्हणजे आईने स्वतःचे शब्द सोडून दिले तरच ती सिस्टर राहणार होती.

मग माझं लक्ष 'समाज' या रकान्याकडे गेलं. तो मी मुद्दाम रिकामा ठेवला होता. आता तो भरलेला होता. तिथे आम्ही बौद्ध आहोत असंही लिहिलेलं नव्हतं. धम्म घेण्याच्या आधीचं, जे नाव आमच्या घरात दोन पिढ्यांत कोणी स्वतःसाठी वापरलं नाही, ते जातीचं नाव होतं.

मी सरांना फोन लावला.

"हो, तो रकाना मी भरला," ते अगदी सहज म्हणाले. "बरेच रिकामे राहिले होते. आडनावावरून कळतंच ना, मॅडम."

"मी तो मुद्दाम रिकामा ठेवला होता, सर."

"पण रिकामा ठेवला की अनुमान चालत नाही. नियम असा आहे, माहितीदाराचा समाज आणि त्याच्या माहितीचा विषय जुळला की परंपरागत व्यवसाय आपोआप निघतो. सिस्टिम काढते ते. यात व्यक्तिगत काही नाही."

"माझी आई सरकारी परिचारिका होती. ते वर लिहिलेलं आहे."

"ते आहेच की. ते कोणी पुसलेलं नाही. खालचं आहे ते परंपरागत. समाजशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाची माहिती आहे ती." ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुम्हाला फारच वाटत असेल तर एक करता येईल. तुमच्या आईंना आपण अपवाद म्हणून नोंदवू."

अपवाद. म्हणजे नियम बरोबर, माझी आई तेवढी त्यातून सुटलेली. तिने शिकून, नोकरी करून, दर दारात थांबून सांगून जे मिळवलं, ते यांच्या हिशेबी एक सूट. मी म्हणाले, "अपवाद नको. नियम काढा." ते म्हणाले, "असं एकाच्या सांगण्यावरून नियम काढता येत नाही. हे सगळ्यांचं मिळून काम आहे. जळगावला बैठक आहे ना, तिथे मांडा."

मी आईला फोनवर म्हटलं, तूही चल. ती नाही म्हणाली. "मी कशाले येऊ? ज्यानी लिखं त्यानी मनाकडे यावं." माझे सगळे शब्द काढून टाक, हेही तिने त्याच फोनवर सांगितलं. मी म्हटलं, बैठक होऊ दे.

बैठकीच्या दिवशी सकाळच्या एसटीने निघाले. पारोळा, एरंडोल मागे पडलं, तरी मी खिडकीबाहेर पाहिलं नाही. मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. राग आला की माझी वाक्यं तुटतात, आणि वाक्यं तुटली की समोरचा माणूस शांतपणे हसतो, हे मला नोकरीत चांगलं कळलं आहे. म्हणून मी फक्त दोन गोष्टी बोलायच्या ठरवल्या.

हॉल छोटा होता. भिंतीवर प्रोजेक्टरने वेबसाइट दाखवली होती. माझा भरवसा होता तो नानांवर. नाना म्हणजे निवृत्त शिक्षक, अमळनेरकडचे, शेतकरी घरातले. अहिराणीवर त्यांचं निस्सीम प्रेम. शेतीचे जवळजवळ सगळे शब्द त्यांनीच दिलेले. शेवभाजीच्या वादात ते माझ्या बाजूने इतके जोरात भांडले होते की त्यानंतर आम्ही दर आठवड्याला फोनवर बोलायचो. मला ते लेकीसारखं ताई म्हणायचे.

माझी पाळी आल्यावर मी म्हणाले, "सर, आईचं पान उघडा." त्यांनी उघडलं. करडी ओळ भिंतीवर हातभर मोठी दिसली. आजी बाहेर कशी उभी राहायची ते मी सांगितलं. आई दर दारात काय सांगायची तेही सांगितलं. वाक्यं तुटली नाहीत. हॉलमध्ये कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, सगळे भिंतीकडे बघत होते.

मग मी म्हणाले, "आता तुमचं पान उघडा, सर."

"माझं कशाला?"

"उघडा ना. सगळ्यांचीच आहेत."

त्यांनी उघडलं. 'समाज' रकाना रिकामा होता. खाली करडं काहीच नव्हतं.

"हा का भरला नाही?"

"माझ्या बाबतीत तो लागू नाही. मी माहितीदार नाही, संपादक आहे."

"गेल्या वर्षी तुम्ही सणांचे पदार्थ दिलेत. तुमच्या नावावर आहेत ते. माझ्या आईचं आडनाव तुम्ही वाचलंत. तुम्हालाही आडनाव आहे."

सर पहिल्यांदा गोंधळलेले दिसले. त्यांनी पाण्याची बाटली उचलली, परत ठेवली. आणि नेमक्या त्या क्षणी नाना उठले. मला वाटलं, आता बोलतील. ते बोलले.

"ताई, माझ्या पानावर बी शेतकरी लिखेल शे," ते हसत म्हणाले. "मी जन्मात नांगर धरला नाही. खडू धरला. मी कुठं रागावलो? काम मोठं शे. जाऊ द्या."

दोघं-तिघं हसले. सरांनी लगेच धागा पकडला. "बघा. सगळ्यांचंच होतं हे."

मी नानांकडे वळले. आजही तो राग आठवला की मला माझे तळहात गरम झालेले जाणवतात. "नाना, शेतकरी म्हटल्यावर तुम्हाला कोणी कोणाच्या दाराबाहेर उभं केलं का? तुमच्या आईला पाणी वरून वाढलं का? तुम्हाला ते लिहिलेलं शोभतं, म्हणून तुम्ही हसताय. माझ्या आईच्या मैत्रिणीही हसल्या. तिच्यावर हसल्या."

नाना बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्याचं मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. सरांनी विषय समितीपुढे ठेवू असं सांगितलं आणि पुढचा मुद्दा घेतला. पुढचा मुद्दा केळीच्या जातींचा होता. त्यावर तासभर फार छान चर्चा झाली.

परत आल्यावर मी आईचे शब्द काढायला सुरुवात केली. एकेक पान उघडून काढत होते. प्रत्येक शब्दासोबत ती बाई, ते गाव, तो रविवार आठवत होता, आणि मी पुसत चालले होते. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सगळे जागेवर परत. सरांनी एका झटक्यात पूर्ववत केले होते. चर्चेच्या जागेत त्यांनी लिहिलं होतं की संग्रहाला एकदा दिलेली माहिती खुली होते, ती देणाऱ्याला परत घेता येत नाही. त्याच दुपारपासून मला संपादन करता येईना. माझं लॉगिन फक्त वाचण्यापुरतं उरलं.

मी इतकी संतापले की त्यांना फोनसुद्धा केला नाही. फोनवर मी ओरडले असते, आणि मग सगळीकडे माझ्या ओरडण्याचीच चर्चा झाली असती. मी पत्र लिहिलं. ज्या संस्थेतून हे काम चालत होतं तिच्या प्रमुखांना, आणि बैठकीला आलेल्या प्रत्येकाला. नियम काय आहे, रकाना कोणी भरला, कोणाचा रिकामा ठेवला, माझं लॉगिन का बंद झालं, एवढंच. विशेषणं घातली नाहीत. आईला वाचून दाखवलं. तिने एका ठिकाणी थांबवलं. "'भावना दुखावल्या' लिखू नको. मनी भावना काही दुखनी नही. मी सरकारनी नोकरी कयी. ते लिख." मी ते वाक्य खोडलं आणि तिचं लिहिलं.

काही आठवडे काहीच झालं नाही. मग एक दिवस वाचायला म्हणून साइट उघडली तर करड्या ओळी नाहीत. आईच्या पानावर नाही, नानांच्या पानावर नाही, कोणाच्याच नाही. 'समाज' हा रकानाच काढून टाकलेला. बदलाच्या नोंदीत कारण दिलं होतं: 'तांत्रिक सुधारणा'. मला कोणी कळवलं नाही. माझं लॉगिन उघडलं नाही. दोन दिवसांनी सरांचा एक मेल आला, त्यात कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी होती. आईने मना केलेले नेमके तेच शब्द. मी तो मेल तिला दाखवला नाही.

तांत्रिक सुधारणा! जणू एखादी तार सैल झाली होती आणि कोणी स्क्रू आवळला. ज्याने रकाना भरला तो माणूस त्या नोंदीत कुठेच नाही, आणि माझी आईही नाही.

नानांचा फोन आला होता. "ताई, मी त्या दिवशी बोलाले नको व्हतं," असं म्हणाले. मी "ठीक आहे नाना" म्हणाले. ठीक नव्हतं. आता आम्ही सणावारी बोलतो, तब्येत विचारतो, शब्दांवर बोलत नाही. तो तोटा माझाही आहे, हे मला कळतं. त्यांच्याइतका अहिराणी जाणणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

आईचे शब्द तिथेच आहेत. नियम गेल्यावर मी तिला विचारलं, राहू द्यायचे का? ती म्हणाली, नव्या डॉक्टरांना उपयोगी पडत असतील तर राहू दे, पण यापुढे एकही शब्द देणार नाही. गेल्या दिवाळीत एका सिस्टरच्या सुनेने फोनवर तिला एक दुखणं सांगितलं. फोन ठेवल्यावर आई माझ्याकडे बघून म्हणाली, या दुखण्याचा आमच्याकडचा शब्द तुझ्या वेबसाइटवर नाही. मी विचारला नाही. तिने सांगितला नाही.

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण करड्या ओळी असताना कोणीतरी तो सगळा संग्रह उतरवून घेतला होता. खुलाच होता, कोणीही घ्यावा. तो आता परदेशातल्या एका साइटवर आहे, भारतीय बोलींचा म्हणून. तिथे करडं-काळं असा फरकच नाही. सगळं एकाच रंगात. आईच्या पानावर इंग्रजीत लिहिलेलं आहे, व्यवसाय: परंपरागत सुईण. परिचारिका हा शब्दच गळून गेला आहे.

मी त्यांना लिहिलं. आपोआप येणारं उत्तर आलं की तुमची सूचना मिळाली. पुन्हा लिहिलं, तेच उत्तर. मधे आईकडे भडगावला गेले होते. ती दुपारी पेपर वाचत होती. चष्मा न काढता तिने विचारलं, "ते दुसरं काढं का त्यास्नी?"

"नाही अजून."

"मंग परत लिख."

मी तिच्या शेजारी बसून मोबाइलवर लिहायला घेतलं. ती पेपर बाजूला ठेवून माझ्या खांद्यावरून वाचत होती, आणि इंग्रजीतलं 'नर्स' बरोबर पडलंय का ते तिने दोनदा बघितलं.